वांगावरचं टिंब

माझ्या आईच्या दोन्ही गालांवर वांग होतं. दरवर्षी चैत्रात यायचं, वैशाखात गडद व्हायचं, पावसाळाभर रेंगाळायचं आणि दिवाळीनंतर हळूहळू फिकं पडायचं. माघात तर मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसायचंही नाही. दरवर्षी आम्हाला वाटायचं, गेलं एकदाचं. आणि चैत्र लागला की स्वारी परत हजर.

वांग हा शब्द मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता. आम्ही नुसतं ‘डाग’ म्हणायचो. अक्का म्हणायच्या ‘काया डाग’. तो एक शब्द ठाऊक नव्हता म्हणून मी नऊ-दहा वर्षांची असताना एक घोळ करून ठेवला, आणि माझ्या त्या घोळापायी आईचं भरीत सुटलं. जळगावात राहून भरीत सुटणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तरी सांगते.

घरात आम्ही मोजकीच माणसं. भाऊ, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांची थोरली बहीण म्हणजे अक्का. त्या लवकर विधवा झाल्या होत्या आणि आईवेगळ्या भाऊंना त्यांनीच वाढवलं होतं. त्यामुळे भाऊ बाहेर कितीही तावातावाने बोलोत, घरात अक्कांचा शब्द शेवटचा. अक्का शिंदखेड्याकडच्या, तेव्हा त्यांचं बोलणं सगळं अहिराणी, ‘शे’ आणि ‘माले-तुले’चं. आईचं माहेर नशिराबादच्या पलीकडे. तिची बोली निराळी. मी शाळेतली मराठी बोलायला लागले तेव्हा अक्का म्हणायच्या, आता घरात तिसरी भाषा घुसली.

धाकट्या भावाच्या वेळी आईला दिवस गेले आणि तिच्या गालांवर पहिल्यांदा तपकिरी सावल्या उमटल्या. बाळंतपणानंतर जातील म्हणाले सगळे. त्या गेल्याही थोड्या, पण उन्हाळ्यात दुप्पट होऊन आल्या. आईचा रंग गव्हाळ, चेहरा रेखीव, त्यामुळे लोकांचं लक्ष पटकन जायचं. नळावरच्या बायका तोंडावर विचारायच्या, ‘काय गं, काजळी पुसली का तोंडाला?’ आई हसून घागर उचलायची. मला मात्र त्या बायकांच्या घागरी फोडाव्याशा वाटायच्या. माझा स्वभाव तेव्हापासूनचाच तापट आहे, वयाने फक्त त्याला बरी नावं मिळाली.

पहिला उपाय अक्कांनी केला. लिंबू आणि मीठ. गालांवर खसाखसा घासून आईला त्यांनी अंगणात उन्हात बसवलं, ‘उनमा बठ, जिरी जाई’ म्हणत. तीन दिवसांत आईचे गाल सोलवटून लाल झाले आणि लाली उतरल्यावर डाग आधीपेक्षा काळे. अक्कांचा जीव चरकला. आठवडा उलटताच डोक्यावर पदर घेऊन, आईला पुढे घालून त्या गावातल्या एका जुन्या वैद्यांकडे गेल्या.

त्या दिवशी शनिवारचा बाजार. वैद्यांकडे ही गर्दी. या दोघी पदरात तोंड घालून बसलेल्या, आणि वैद्य कमी बोलणारे. त्यांनी आईचा चेहरा पाहिला, नाडी पाहिली, दोन पुड्या दिल्या, एक चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, ‘सगळं यात लिहिलंय. घरी कोणाकडून वाचून घ्या.’

घरी आल्या तेव्हा दुपार होती. भाऊ जिनिंगमध्ये, ते यायचे दिवेलागणीनंतर. अक्कांना तेवढा धीर कुठला. आणि घरात वाचणारी म्हणजे मी.

इथे एक सांगायला हवं. मी चौथीत होते आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. त्यानंतर माझी शाळा बंद, हे अक्कांनी ठरवून टाकलं होतं. ‘चौथी झायी, बस झायं. पोरीनी जात शे, शिकाडीसन काय करनं?’ भाऊंच्या मनात मी शिकावं असं होतं, पण अक्कांपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. आई तर बोलण्यातलीच नव्हती. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण रोज सकाळी माझी पाटी ती पदराने पुसून द्यायची, आणि परीक्षा जवळ आली तशी फारच घासून पुसायला लागली होती.

तर अक्कांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. ‘वाच, काय लिखेल शे त्यामा.’

मी उंबऱ्यात उभी राहिले, गुरुजींपुढे कविता म्हणायला उभी राहायचे तशी. वैद्यांचं अक्षर मोडी वळणाचं, शब्दांत धड अंतर नाही. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘वांग ऊन धग वर्ज्य’. खाली पुड्या कशा घ्यायच्या, लेप कसा लावायचा. पहिलं होतं आजाराचं नाव आणि पुढची दोन पथ्यं. हे मला आज कळतं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच की वैद्य वांगं लिहिताना ‘ग’वरचं टिंब द्यायला विसरले. शुद्धलेखनात टिंब राहिलं की आमचे गुरुजी टिंबामागे एक पट्टी मारायचे. वैद्यांना पट्टी मारणार कोण? ते टिंब मी उदार मनाने माझ्या पदरचं देऊन टाकलं आणि खणखणीत वाचलं, ‘वांगं, ऊन, धग वर्ज्य!’

‘वर्ज्य म्हनजे?’ अक्कांनी विचारलं.

‘म्हणजे बंद. खायचं नाही, करायचं नाही, जवळ जायचं नाही.’ हेही मी ठसक्यात सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तर गोठ्यातून कधीच निघून गेला होता.

अक्कांनी मांडीवर थाप मारली. ‘मी सांगेल व्हतं ना! वांगं गरम शे.’ त्यांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. पण अक्कांना पटलं की ते त्यांनी आधीच सांगितलेलं असायचं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि आईला म्हणाल्या, ‘राहू दे हिले शाळामा. भाऊ रातले येस, कागद दुपारले येतस. घरमा वाचनारं एखादं पाह्यजे.’

अशी माझी पाचवी पक्की झाली. आईने उठून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, वांगं बंद झालं म्हणून रडतेय.

वाटायला कारणही होतं. आईला भरीत जीव की प्राण. तिच्या माहेरी हिवाळ्यात शेतावर कपाशीच्या काड्यांचा जाळ करून हिरवी लांबोडकी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात आणि तेल, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एरवी चिमणीएवढं जेवणारी माझी आई भरताच्या दिवशी कोणाला ऐकायची नाही. जेवताना तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा आणि ती मोठ्याने हसायची. ते हसणं मला फक्त भरताच्या दिवशीचं आठवतं.

पुढच्या हिवाळ्यापासून ते थांबलं. घरात भरीत व्हायचं, पण आई चटणीभाकरी घेऊन बसायची. आणि अक्कांचा न्याय असा चोख की चिठ्ठीत धगही होती, म्हणून वांगी भाजायला त्या स्वतः जाळापाशी बसू लागल्या. साठीला टेकलेली बाई, डोळ्यांतून धुराचं पाणी गाळत वीस वीस वांगी उलटीपालटी करायची आणि आई जवळ आली की ओरडायची, ‘तू मागे सर!’ त्यांनीच भाऊंच्या मागे लागून वातींचा स्टोव्ह घ्यायला लावला, का तर चुलीइतकी धग तोंडावर येत नाही. अक्का प्रेमळ होत्या असं म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. पण होत्या.

वैद्यांच्या पथ्याने आईला गुण आला, हे खरंच. ऊन आणि धग टाळली, म्हणून आला. श्रेय मात्र सगळं वांग्याला मिळालं. अक्का अख्ख्या आळीला सांगायच्या, वांगं सोडलं आणि डाग उतरले. आळीतल्या आणखी दोघी-तिघींनी त्यांचं ऐकून वांगं सोडलं. माझ्या एका टिंबाचा एवढा प्रसार झाला.

पण वांग गेलं नाही. चैत्रात आलंच. मग आईने हळूहळू स्वतःचीच एक रीत बसवली. उन्हातली कामं सकाळी नऊच्या आत. पापड-कुरडया करायला ती, वाळत घालायला मी. बाहेर पडताना ओला रुमाल कपाळावरून ओढून वर पदर. रात्री मसुराची डाळ दुधात भिजत घालायची, दुसऱ्या दुपारी बारीक वाटून तोंडाला लावायची आणि सुकली की पाण्याने अलगद उतरवायची. घासायचं नाही, खरवडायचं नाही, लिंबाचं तर नावही काढायचं नाही. थंडीत डाग फिके पडले म्हणून रीत मोडायची नाही. एका माघात मी म्हटलं, ‘अगं, गेलेत की, आता कशाला लावतेस?’ तर म्हणाली, ‘गेले नाही, झोपले. झोपेल माणसाजवळ गोंधळ कराव नाही.’ ती कधी आरशापुढे उसासे टाकत बसली नाही. दात घासतात तसं ती ते सांभाळायची.

मी शिकत गेले. पाचवी, सातवी, मॅट्रिक, मग ट्रेनिंग कॉलेज. अक्कांची पत्रं वाचली, दस्त वाचले, औषधाच्या बाटल्या वाचल्या. धुळ्याच्या एका शाळेत मास्तरीण झाले, लग्नही धुळ्यातच झालं. आणि पहिल्या बाळंतपणानंतर, सत्तर साल उलटून चारेक वर्षं झाली असतील, एका सकाळी आरशात पाहिलं तर आई दिसली. तेच दोन गाल, तीच सावली.

शिकलेली ना मी! आईची रीत डोळ्यांनी पाहिलेली असून मैत्रिणीकडून गोरं करणारी ट्यूब आणली आणि चार दिवस चोळली. वर धुळ्याचं ऊन. शाळा घरापासून मैलभर, आणि कोरड्या ठणठणीत मे महिन्यात छत्री उघडायची लाज. तोंड असं पेटलं की वर्गातल्या पोरींनी विचारलं, ‘बाई, तुम्हाला रागच आलाय का आज?’

शेवटी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ट्यूब फेकून द्या. घाबरायचं काही नाही, वांग आहे.’

‘वांगं?’ मी म्हटलं. ‘वांगं मी खातच नाही हो उन्हाळ्यात.’

त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या नर्सने डोकावून पाहिलं. ‘वांगं नाही हो मास्तरीणबाई, वांग! या डागांनाच वांग म्हणतात. खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. ऊन सांभाळा, धग सांभाळा. पुरतं जाणार नाही, येत-जात राहील. आपण सांभाळत राहायचं.’

वांग, ऊन, धग. मी त्या खुर्चीवर बसल्या जागी गार पडले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, डाग जाणार नाहीत म्हणून मला धक्का बसला. मला उंबऱ्यात उभी असलेली दोन वेण्यांची शहाणी दिसत होती. बारा हिवाळे! बारा हिवाळे माझी आई ताटात चटणी घेऊन बसली होती आणि तिच्या समोर बसून मी भरीत ओरपलं होतं.

आईला हे सांगायला हवं होतं. पण कसं? पत्र लिहावं तर ते भाऊ मोठ्याने वाचणार, शेजारी अक्का बसलेल्या. आणि सांगून तरी काय, की बाई गं, तुझं एवढं सुख मी फुकट घालवलं? मी आठ दिवस पोस्टकार्ड पुढ्यात घेऊन बसले. शेवटी लिहिलं, ‘माझ्या तोंडावर आईसारखं आलं आहे.’ एवढंच. वांग हा शब्द लिहायचा मला धीर झाला नाही.

पत्र मिळाल्याच्या चौथ्या दिवशी आई एस.टी.तून उतरली. डोक्यावर ओला रुमाल, त्यावर पदर, हातातल्या पिशवीत मसुराच्या डाळीचा डबा. घरात आल्या आल्या तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. ‘घासलं व्हतं ना?’ मी मान खाली घातली. ‘मास्तरीण झाली, पण अक्कल माहीच घ्या लागते,’ म्हणाली, आणि बाळाला घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी यजमान कचेरीत, बाळ पाळण्यात निजलेलं, दारं-खिडक्या ओढून घेतलेल्या. आईने डाळ वाटली, आधी माझ्या तोंडाला लावली, मग स्वतःच्या. दोघी मायलेकी तोंडाला लेप फासून भिंतीला टेकून बसलो. लेप सुकेस्तोवर बोलायचं नाही, हा तिचा नियम. तोंड हललं की तडा जातो. मला वाटलं, हीच वेळ बरी, तिला फार बोलता यायचं नाही.

ओठ न हलवता, दातांतल्या दातांत मी सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीत वांग होतं, वांगं नव्हतं. टिंब मी घातलं. वांग्याने काहीच होत नाही आणि तेव्हाही काही होणार नव्हतं. सांगता सांगता माझा आवाज फुटला.

आईही दातांतल्या दातांत म्हणाली, ‘मले माहीत व्हतं.’

‘काय माहीत होतं?’

‘टिंबाचं.’

‘कधीपासून?’

‘दुसऱ्याच चैत्रापासून. अक्का गावी गेल्या व्हत्या लग्नाले. मी एकलीच चिठ्ठी घेऊन वैद्यांकडे गेली. म्हटलं, वांगं सोडून वरीस झालं, तरी हे आलंच. तं ते हासायलेच लागले. म्हणे, बाई, वांगं सोडायले कोणं सांगितलं? हे तुह्या गालावरचं, यालेच वांग म्हणतात. चिठ्ठीवर बोट ठेवून दाखवलं मले, हे पाय, ‘ग’वर टिंब नाही.’

‘मग?’

‘मंग काय, घरी आली अन् चिठ्ठी चुलीत घातली. भाऊंच्या हाती लागली असती अन् अक्कांपुढे वाचली असती तं?’

मी तिच्याकडे वळून पाहिलं. तोंड पांढरं-गुलाबी लेपाने भरलेलं, नुसते डोळे दिसत होते, आणि ते डोळे हसत होते.

‘अगं पण मला तरी सांगायचंस!’

‘तुले? तुह्या पोटात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपावत अख्ख्या आळीले सांगितलं असतं, मी चुकली म्हणून.’

ते मात्र खरं होतं. ‘बरं, मग माझी शाळा संपल्यावर तरी खायचंस!’

‘तवा अक्का म्हाताऱ्या झाल्या व्हत्या. माह्यासाठी धुरात बसे ती बाई. तिले काय सांगू, उगीच बसली म्हणून?’

मला आता रडू आवरेना. डोळ्यांचं पाणी लेपातून ओघळून खाली यायला लागलं. आईने पदराचं टोक घेऊन ते अलगद टिपलं, न घासता, तिच्या रीतीने. पाळण्यात बाळ चुळबुळलं, तशी तिने एका हाताने दोरी ओढली.

‘बारा वर्षं गं आई,’ मी म्हटलं.

तेव्हा ती हसली. सगळे नियम मोडून, मोठ्याने, भरताच्या दिवशी हसायची तशी. गालांवरच्या लेपाला तडे गेले आणि डाळीचे कपचे मांडीवर पडले.

‘एका टिंबापायी तुही शाळा गेली असती,’ ती म्हणाली. ‘वांगं काय, दर हिवाळ्याले येतं.’